मुळशीतली कारवी: बहराच्या साली आणि एरवीही

ताम्हिणी घाटात पावसाळ्यात गाड्या थांबतात त्या धबधब्यांपाशी. त्याच वळणांवर डोंगराच्या अंगाला माणसाच्या डोक्यावरून जाणारी गच्च झुडपं असतात, तिकडे सहसा कुणाची नजर जात नाही. ती कारवी.

ती सात वर्षांतून एकदा फुलते, एवढं बहुतेक भटक्यांना ठाऊक असतं. पण सगळा सह्याद्री एकाच साली फुलत नाही. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००८ साली मोठा बहर आला, त्यानंतरचा २०१६ साली. म्हणजे तिथलं अंतर आठ वर्षांचं. तिचं भावंड म्हणजे मुन्नारची नीलकुरिंजी, ती बारा वर्षांनी फुलते. तेव्हा दुसऱ्या डोंगराचे फोटो पाहून मुळशीला निघू नये. ऑगस्टमध्ये पायथ्याच्या गावात विचारावं; गुरं राखणाऱ्यांना कळ्या आधी दिसलेल्या असतात.

ओळखायची ती पानांवरून. पानं समोरासमोर, मोठी, लांबट, हाताला खरखरीत; कडा बारीक दातेरी, शिरा उठून दिसणाऱ्या. खोड सरळ काठीसारखं. याच काठ्यांचा कुड विणून, वर शेणमातीचा गिलावा देऊन मावळातल्या घरांच्या भिंती उभ्या राहत. बहराच्या साली ऑगस्ट-सप्टेंबरात केसाळ, चिकट कणसं धरतात आणि त्यांतून निळी-जांभळी फुलं निघतात. मधमाश्यांची झुंबड उडते. कारवीचा मध मिळतो तो अशाच सालांत.

शोधायची कुठे? उतारावर. पेठ शहापूरहून कोरीगड चढताना, एकोल्याहून घनगडाच्या वाटेवर, तैलबैलाच्या पायथ्याच्या रानात. कोरीगडाच्या माथ्यावर पोचलं की कारवी मागे पडते आणि पठारावर सोनकीचा पिवळा सडा सुरू होतो. पिंपरीहून भिऱ्याला उतरणारी अंधारबनाची वाट मोठी आणि दाट रानातली आहे. ताम्हिणी अभयारण्याचे नियम आणि पावसाळी बंदी यांची चौकशी करूनच तिकडे जावं.

चढताना कारवीचा आधार सगळेच घेतात, तिथेच जपायला हवं. हिरव्या पानांमध्ये चापडा हा विषारी साप बसलेला असू शकतो. त्याचा रंग पानांत असा मिसळतो की तो हातभर अंतरावरूनही पटकन दिसत नाही. नजर आधी, हात मागून. दुसरा धोका बहरानंतरचा. कारवी आयुष्यात एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. पुढच्या वर्षी त्या उतारावर नुसत्या वाळक्या काठ्या उभ्या असतात. वरवर भक्कम दिसतात, पण भार टाकला की मोडतात.

त्या काठ्यांवरच्या वाळलेल्या बोंडांना पहिल्या पावसाचा ओलावा लागला की ती तडतड फुटतात आणि बी उडतं. जूनमध्ये अशा उतारावरून जाताना पाऊल मळलेल्या पायवाटेवरच ठेवावं. नवी रोपं बोटभर उंचीची असतात आणि पुढच्या बहराची सारी भिस्त त्यांच्यावर असते.