जोतीरावांचा उजवा हात : पक्षाघात आणि मेंदूचे उद्दीपन

११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यातील सभेत जोतीराव फुले यांना जनतेने ‘महात्मा’ ही पदवी अर्पण केली. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी, जुलैमध्ये, त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि शरीराची उजवी बाजू लुळी पडली. डॉ. विश्राम रामजी घोले यांच्या उपचारांनी प्राण वाचले. लिहिता हात मात्र कामाला येईना. तेव्हा जोतीरावांनी लेखणी डाव्या हातात धरली आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले आणि १८९१ मध्ये यशवंतरावांनी तो ग्रंथ प्रसिद्ध केला.

हा प्रसंग आपण दर जयंतीला जिद्दीचा दाखला म्हणून सांगतो. मीही पंचवीस वर्षे वर्गात तसाच सांगत आलो. एकदा आठवीतील एका मुलीने मध्येच विचारले, “सर, पण त्यांचा उजवा हात परत का नाही आला?” तिच्या आजीच्या अंगावरून नुकतेच वारे गेले होते, हे मला मागाहून समजले. इतिहासाच्या शिक्षकाकडे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. ते शोधताना जे वाचले, जाणकार डॉक्टरांना विचारून जे पडताळले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडतो.

‘अंगावरून वारे जाणे’ या शब्दप्रयोगातच निम्मी दिशाभूल आहे. वारे कुठूनही येत नाही. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीने तुंबतो किंवा तेथील रक्तवाहिनी फुटते. मेंदूचा डावा अर्धा भाग शरीराच्या उजव्या बाजूस आज्ञा देतो, म्हणून डावीकडे इजा झाली की उजवा हात-पाय निकामी होतो. हाताचे स्नायू, हाडे, शिरा सर्व जागच्या जागी असतात. हुकूम सोडणारे ठाणे तेवढे पडलेले असते.

हे ठाणे नेमके कोठे आहे, याचा पुरावा जोतीरावांच्या आजारापूर्वी अठरा वर्षे, १८७० मध्ये, बर्लिनमध्ये मिळाला होता. फ्रिट्श आणि हिट्झिग या दोघा डॉक्टरांनी प्रयोगशाळा नसल्याने हिट्झिग यांच्या घरीच कुत्र्याच्या मेंदूवर प्रयोग केले. मेंदूच्या विशिष्ट जागी सौम्य वीज दिली की विरुद्ध बाजूचा पाय हले. मात्र कवटी न उघडता माणसाच्या मेंदूपर्यंत वेदनेविना वीज पोहोचवायला शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. त्याची किल्ली मायकेल फॅरडेच्या १८३१ च्या शोधात होती : बदलते चुंबकीय क्षेत्र विजेचा प्रवाह निर्माण करते. (फॅरडे हा लोहाराचा मुलगा. शाळा जेमतेम झालेली, पुस्तके बांधणाऱ्याकडे उमेदवारी करता करता तीच पुस्तके वाचून तो शिकला. वसतिगृहातल्या मुलांनी हे नाव लक्षात ठेवावे.) १९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफिल्ड येथे अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी तारेचे वेटोळे डोक्यावर धरून चुंबकीय ठोका दिला आणि समोरच्या माणसाचा हात आपोआप हलला.

पक्षाघातानंतर याचा उपयोग करण्यामागील विचार असा. मेंदूचे दोन अर्धे भाग एकमेकांना आवरून धरतात. एक दुबळा झाला की निरोगी भाग त्याला अधिकच दाबतो, असे मानले जाते. म्हणून निरोगी बाजूवर सेकंदाला एक अशा संथ ठोक्यांनी तिचा जोर कमी करायचा, किंवा दुखावलेल्या बाजूवर जलद ठोके देऊन तिला जागे करायचे. दुसऱ्या एका पद्धतीत टाळूवर दोन पट्ट्या लावून एक-दोन मिलिअँपिअर इतका क्षीण प्रवाह सोडतात. हात यामुळे बरा होत नाही. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर जमिनीला वाफसा येतो. पेरणी व्यायामानेच करावी लागते.

वाफसा खरोखर येतो का, हे तपासताना मोठी निराशाही पदरी आली. अमेरिकेतील बारा केंद्रांमध्ये १९९ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. काहींना खरे चुंबकीय ठोके दिले, काहींना हुबेहूब तसेच दिसणारे लटके यंत्र लावले. हाताचा व्यायाम मात्र सर्वांकडून करून घेतला. खऱ्या यंत्राच्या गटात ६७ टक्के रुग्णांचा हात ठरावीक मापाने सुधारला आणि लटक्या यंत्राच्या गटात ६५ टक्क्यांचा. हे आकडे मी पुन्हा पुन्हा वाचले. यंत्राचे श्रेय वजा केल्यावरही दोन्ही गटांतील बहुतेक माणसे सुधारली होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

२०२१ मध्ये दुसऱ्या वाटेने यश मिळाले. ब्रिटन व अमेरिकेतील १०८ रुग्णांच्या मानेतील व्हेगस या नसेला तार जोडून छातीच्या त्वचेखाली लहानसे यंत्र बसवले. या रुग्णांचा पक्षाघात नऊ महिने ते दहा वर्षे इतका जुना होता. रुग्णाने हात हलवला की त्याच क्षणी प्रशिक्षक कळ दाबून अर्ध्या सेकंदाचा संकेत देई. मेंदूला जणू सांगितले जाई की ‘ही हालचाल ध्यानात ठेव’. संकेत मिळालेल्यांपैकी ४७ टक्के रुग्णांत लक्षणीय सुधारणा झाली, केवळ व्यायाम मिळालेल्यांपैकी २४ टक्क्यांत. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या यंत्रास मान्यता दिली. सहा महिन्यांनंतर काही होत नाही, या घरोघरच्या समजुतीला या चाचणीने धक्का दिला आहे.

केसपुत्त नगरीतील कालामांना तथागतांनी सांगितले होते की परंपरा आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही स्वीकारू नका. आपण हा निकष देवऋषाला लावतो. लकव्यावर पारव्याचे रक्त चोळणे अजून थांबलेले नाही, तेथे तो लावलाच पाहिजे. पण तोच निकष ‘मेंदूला करंट देऊन महिन्यात चालवतो’ अशा जाहिरातीलाही लावावा. ठोक्यांसोबत रोजचा व्यायाम आहे काय, रुग्णाला फेफरे येते काय, डोक्यात धातू किंवा छातीत पेसमेकर आहे काय, हे न विचारता पैसे मागणाऱ्याच्या दारातून परत फिरावे.

आणि हे सारे नंतरचे. गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच, सी. टी. स्कॅननंतर, देता येते. तोंड वाकडे झाले, उचललेला हात खाली पडला, बोलणे अडखळले, की घड्याळ पाहावे आणि निघावे. वॉन्लेस यांच्या काळापासून दवाखान्यांचे गाव असलेले मिरज कुरुंदवाडहून तासाभरात गाठता येते. आपला घात ‘सकाळी बघू’ या दोन शब्दांनी होतो.

नंतरचा व्यायाम घरच्यांनी करून घ्यावा, म्हणजे भागेल, असेही सोपे नाही. भारतातील चौदा रुग्णालयांत १२५० रुग्णांवर नेमकी हीच कल्पना तपासली गेली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की नातेवाइकांना शिकवून सोडल्याने नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक लाभ झाला नाही. मला त्यात आश्चर्य वाटले नाही. ज्यांचे पोट हातावर आहे, त्या घरात एकाचा हात गेला की दुसऱ्याचा रोजही बुडतो, आणि शुश्रूषेचा भार सुनेवर किंवा शाळकरी मुलीवर पडतो. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रोज भेटला पाहिजे, ही मागणी रस्ता आणि पाण्याच्या मागणीइतकीच आपल्या निवेदनांत आली पाहिजे. महागड्या यंत्राची मागणी त्यानंतर करू.

जोतीरावांच्या हाताकडे परत येतो. त्यांनी केले, त्याला आज भरपाई म्हणतात : गेलेल्याचे काम राहिलेल्याकडे देणे. त्यांच्यापुढे ग्रंथ पुरा करायचा होता आणि हाती वेळ थोडा होता. दुसरा मार्गही नव्हता. पण चांगला हातच सतत वापरला की दुखावलेला हात जे करू शकतो तेही विसरतो, हे एडवर्ड टाऊब या अमेरिकन संशोधकाने दाखवले. त्यांच्या पद्धतीत चांगल्या हाताला मोजा घालून तो मुद्दाम अडवतात आणि दुबळ्या हाताला दिवसाचे कित्येक तास कामाला लावतात. मात्र त्या हाताची बोटे थोडी तरी हलत असावी लागतात.

त्या मुलीच्या आजीची बोटे थोडी हलत होती. तिला ना चुंबकीय ठोके मिळाले, ना छातीत यंत्र. मिरजेच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितल्याप्रमाणे ती उजव्या हाताने एका वाटीतले हरभरे दुसऱ्या वाटीत टाकते. किती पडले, किती सांडले, ते नात वहीत लिहिते. डावा हात तेवढा वेळ पदराखाली ठेवायचा, हे आजीने आपल्या मनानेच ठरवले आहे.