पुदिना आवरत नाही, मग त्याचे भाऊबंद का संपतात?

प्रश्न : हवाई बेटांवरची पुदिन्याच्या कुळातली एक वनस्पती नामशेष व्हायच्या मार्गावर आहे, असे वाचले. आमच्या कोथरूडच्या गॅलरीत पुदिना एकदा लावला की कुंडीबाहेर पळतो. मग त्याच्याच कुळातली वनस्पती संपते कशी? बेटाचा त्यात काय संबंध? आपल्याकडे असे काही आहे का? आणि सरळ कुंडीत लावून ती वाचवता येणार नाही का?

उत्तर : एका पत्रात चार प्रश्न बसवलेत, तेव्हा क्रमाने घेऊ. घोटाळा पहिल्याच प्रश्नात आहे. कूळ एक म्हणजे स्वभाव एक, असे आपण धरून चालतो. मंडईतून आणलेल्या पुदिन्याच्या जुडीतली एक काडी बोटांत फिरवून पाहा. ती गोल नसते, चौकोनी लागते. पाने समोरासमोर येतात आणि फूल ओठ उघडल्यासारखे दिसते. ही या कुळाची ठळक लक्षणे. तुळस, सब्जा आणि पानांची भजी होतात तो पानओवा याच घराण्यातले. निर्गुडी, भारंगी, इतकेच काय, सागाचा वृक्षसुद्धा आता याच कुळात धरतात. जगभरात मिळून सात हजारांच्या आसपास जाती आहेत. पुदिना पसरतो तो मातीलगत धावणाऱ्या खोडांमुळे आणि माणूस त्याला पाणी घालतो म्हणून. हे भाग्य सगळ्या भाऊबंदांच्या वाट्याला येत नाही.

आता बेट. हवाई बेटे समुद्रातून वर आलेल्या ज्वालामुखींची, कोणत्याही खंडापासून हजारो किलोमीटर दूर. या कुळाचे बी कधीकाळी तिथे पोचले आणि त्यातून साठाच्या आसपास जाती घडल्या. त्या जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. बेटावर जमिनीवरचा मूळचा सस्तन प्राणी एकच, वटवाघूळ. शेळी नाही, गाय नाही, हरीण नाही. पुदिन्याचा तो उग्र वास आपल्या चटणीसाठी जन्मलेला नाही. खाणाऱ्याने तोंड फिरवावे म्हणून तो असतो. खाणारेच नसतील तर वासाचा खर्च कशाला? हवाईतल्या या वनस्पतींच्या पानांतून पुदिन्याचा वास जवळजवळ गेला. तिकडे त्यांना चक्क ‘बिनपुदिन्याचे पुदिने’ म्हणतात.

मग माणूस आला आणि आपले गोठे घेऊन आला. पॉलिनेशियन लोकांनी डुकरे आणली. 1778 मध्ये कॅप्टन कुकने शेळ्या सोडल्या, 1793 मध्ये व्हँकुव्हरने तिथल्या राजाला गाईगुरे भेट दिली. बिनवासाचा, बिनकाट्यांचा पाला समोर आल्यावर शेळीने काय केले असेल, हे सांगायला नको. हॅप्लोस्टॅकिस नावाच्या तिथल्या प्रजातीत पाच जाती होत्या, चार गेल्या. उरलेली एक अमेरिकी लष्कराच्या पोहाकुलोआ या सराव-क्षेत्रात आहे. तिथेही बाहेरून आलेले गवत वाळले की वणव्याची भीती असते. अशा वनस्पतींसाठी तिथला पहिला उपाय म्हणजे भक्कम कुंपण.

आपल्याकडे काय, हा तुमचा तिसरा प्रश्न, आणि मला सर्वांत आवडलेला. बेटाला समुद्रच लागतो असे नाही. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवरचे कास पठार घ्या. सुमारे 1200 मीटर उंचीवर जांभ्या दगडाचा सपाट माथा आणि भोवती सगळे उतार. माती काही ठिकाणी बोटभरही नाही. पावसाळ्यात पाय ठेवाल तिथे पाणी, मार्चमध्ये तव्यासारखा तापलेला कातळ. हे सोसेल तेच तिथे जगते, आणि जे तिथे जगते ते खालच्या दरीत टिकत नाही. शेजारचे पठार समोर दिसत असले तरी मधली दरी समुद्राइतकीच आडवी येते.

पावसाच्या अखेरीस या कातळावरच्या उथळ डबक्यांत जांभळ्या तुऱ्यांची दाटी होते. जवळ वाकून पाहा. रोप वीतभर, पाय पाण्यात, आणि तुऱ्यावर बारीक केसाळ फुले. ही जांभळी मंजिरी, शास्त्रीय नाव पोगोस्टेमॉन डेक्कनेन्सिस, पुदिन्याच्याच कुळातली. पश्चिम घाट सोडून ती जगात कुठे नाही. ती आज शेवटच्या घटका मोजते आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. कासला ती भरभरून दिसते. पण तिचे घर म्हणजे मोजके सडे, म्हणजे अशी कातळपठारे, आणि त्यांवर पवनचक्क्यांचे रस्ते, बॉक्साइटच्या खाणी आणि बंगल्यांचे प्लॉट यांची नजर असते. कासला 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तशी गर्दीही आली.

गर्दी आवरायला पठाराला जाळीचे कुंपण घातले. हवाईत जे तारते ते इथे तारेल, असा विचार कुणालाही सुचावा. पण गावकऱ्यांचे आणि काही अभ्यासकांचे म्हणणे पडले की गुरे आत येईनाशी झाल्याने उंच गवत माजले आणि बुटकी फुलझाडे त्याखाली दबली. इथली फुले पिढ्यान्‌पिढ्या गुरांच्या चरण्यासोबत वाढलेली. हवाईतल्यांनी गूर पाहिलेलेच नव्हते. शेवटी कासचे कुंपण काढले. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच.

राहिला कुंडीचा प्रश्न. जांभळी मंजिरी वर्षायू आहे. जूनमध्ये उगवते आणि बी टाकून मरते. चार महिने बुडालेला आणि आठ महिने करपलेला कातळ गॅलरीत आणणार कसा? याउलट शिंदळ माकुडीचे पाहा. ती पुदिन्याच्या कुळातली नाही, पण दुर्मीळ म्हणून जगभर गाजलेली आणि आपल्या जिल्ह्यातली, जुन्नरच्या शिवनेरीच्या कड्यांवरची. तिचे फ्रेरिया हे नाव मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्यावरून पडले. तिचा तुकडा खोचला की कुंडीत सहज रुजतो. पण एकाच रोपाचे शंभर तुकडे म्हणजे एकाच रोपाच्या शंभर नकला. एक रोग आला तर सगळ्यांना सारखाच. कुंडीतली रोपे राखीव साठा म्हणून चांगली, मात्र कड्यावर पुन्हा लावून तिथे बी धरेपर्यंत काम पुरे होत नाही.

तेव्हा कासवरून रोप उपटून आणू नका. तिथे ते गुन्ह्यात मोडेल आणि इथे आठवड्यात मरेल. पुदिन्याचा रानातला नातेवाईक घरी हवाच असेल तर रोपवाटिकेतून भारंगी आणा. मोठी कुंडी लागेल, निळसर फुले येतील आणि कोवळ्या पानांची भाजीही होते. थोडी कडवट असते, लसणाची फोडणी सढळ हाताने घाला.