निवेदन कोणाकडे, कसे आणि केव्हा?
पाचोरा–जामनेर रेल्वेमार्गाच्या निमित्ताने लोकप्रतिनिधी व नागरिक यांच्या संबंधांचा विचार

पाचोरा स्थानकावर मुंबई–भुसावळ मार्गाच्या ब्रॉडगेज रुळांशेजारी अडीच फूट रुंदीचा एक लहानसा लोहमार्ग येऊन मिळत असे. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर अशी गावे जोडीत तो ५६ किलोमीटरवरील जामनेरला जाई. सन १९१८-१९ च्या सुमारास सुरू झालेल्या या गाडीला खान्देशात सर्वजण ‘पीजे’ म्हणूनच ओळखतात. शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी, बाजारकरी, शेतमजूर आणि रुग्ण यांची ती स्वस्तातली सोय होती. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे देशातील इतर प्रवासी गाड्यांबरोबर पीजेही थांबली. इतर गाड्या यथाकाल सुरू झाल्या, परंतु पीजे सुरू झाली नाही. पुढे २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत राज्य परिवहन कर्मचाऱ्यांचा संप चालला. त्या महिन्यांत या पट्ट्यातील ज्या प्रवाशाजवळ स्वतःचे वाहन नव्हते, त्याला खाजगी वडापवाल्याच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागले.

अशा वेळी नागरिकांनी काय करावे? पाचोऱ्यात कृती समिती स्थापन झाली, निवेदने दिली गेली, आंदोलने झाली. या मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर करून तो बोदवडपर्यंत नेण्याच्या प्रकल्पाला पुढे मंजुरीही मिळाली. या यशाचे श्रेय कोणाचे, हा वाद येथे अप्रस्तुत आहे. आपले गाऱ्हाणे कोणत्या प्रतिनिधीपुढे मांडावे आणि ते मांडल्यानंतर त्याचे पुढे काय होते, हे या उदाहरणावरून फार स्पष्टपणे समजते. सरपंच, शिक्षक व ग्रामसेवक यांनी ते समजून घेणे अगत्याचे आहे.

लोकप्रतिनिधीचा अभाव असला म्हणजे काय होते, याचा खान्देशला जुना अनुभव आहे. १८५२ मध्ये जमीन मोजणीविरुद्ध सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांतील शेतकरी मोठ्या जमावाने एकत्र आले. त्यांचे म्हणणे मांडू शकेल असे सभागृह नव्हते, आणि अखेर लष्कर आणून तो असंतोष शमविण्यात आला. अठरा वर्षांनी, २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचा सभासद होण्यासाठी किमान ५० प्रौढ व्यक्तींचे मुखत्यारपत्र आणावे लागे. मतदानाचा हक्क नसतानाही ‘मी इतक्या जणांच्या वतीने बोलतो’ हे सिद्ध करण्याची ही धडपड होती. १८७५ मध्ये याच सभेने ब्रिटिश पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाकडे हिंदुस्थानला तेथे प्रतिनिधित्व मिळावे असा अर्ज केला. आज प्रत्येक प्रौढ नागरिकाला प्रतिनिधी आहे; किंबहुना एकाच नागरिकाला ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत अनेक प्रतिनिधी आहेत. अडचण उद्भवते ती याच ठिकाणी.

रेल्वे हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत आहे. म्हणजे गाडी सुरू करणे, थांबा देणे, मार्ग रुंद करणे यांविषयी सभागृहात प्रश्न विचारावयाचा तो संसद सदस्याने. एस. टी.च्या जादा फेऱ्या ही मागणी मात्र राज्य शासनाच्या कक्षेतील, म्हणून ती आमदाराकडे न्यावी. स्थानकापर्यंत येणारा गावरस्ता जिल्हा परिषदेचा असेल, तर त्यासाठी दिल्लीकडे पाहण्याचे कारण नाही. व्यवहारात असे दिसते की, एकाच कागदावर गाडी, बस, रस्ता, पाणीपुरवठा व समाजमंदिर अशा पाच मागण्या लिहून तोच कागद सर्वांना दिला जातो. असा कागद कोणत्याही एका कार्यालयाचा होत नाही. प्रत्येक कार्यालय आपल्यापुरती एक ओळ वाचून तो पुढे पाठविते आणि अखेर तो कोठेतरी दप्तरी दाखल होतो.

पीजेच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर पाचोरा विधानसभा मतदारसंघ जळगाव लोकसभा मतदारसंघात, तर जामनेर हा रावेर लोकसभा मतदारसंघात आहे. शेंदुर्णी व पहूर ही गावे जामनेर तालुक्यातील. साहजिकच या एका लहानशा गाडीचे प्रवासी दोन खासदार व दोन आमदार यांच्यात विभागले गेले. वरखेडीच्या ग्रामसभेने केवळ आपल्या खासदारांना लिहिले, तर मार्गाच्या अर्ध्याच भागाचे म्हणणे पुढे जाईल. मार्गावरील सर्व ग्रामपंचायतींनी एकाच मजकुराचा ठराव करून तो दोन्ही खासदारांना पाठविला, तर दोघांनाही एकमेकांच्या जोडीने बोलता येते. ग्रामसभेच्या वर्षातून किमान चार बैठका कायद्याने बंधनकारक असल्याने अशा ठरावासाठी निराळी सभा बोलाविण्याचीही गरज नाही. जिल्हा परिषद ही या साखळीतील मधली कडी. परंतु मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर जळगाव जिल्हा परिषदेवर प्रशासक आले आणि गावाचा ठराव गट सदस्यामार्फत जिल्ह्याच्या सभेत मांडण्याची वाट त्या काळात बंद झाली. अशा वेळी ग्रामपंचायतीवरील भार साहजिकच वाढतो.

खासदारांना दिलेल्या निवेदनाचा प्रवासही ध्यानात घेण्याजोगा आहे. खासदार ते आपल्या पत्रासह रेल्वेमंत्र्यांकडे पाठवितात. तेथून ते रेल्वे मंडळाकडे, मंडळाकडून मध्य रेल्वेच्या मुंबईतील मुख्यालयाकडे व तेथून भुसावळ विभागाकडे अभिप्रायासाठी उतरते. भुसावळचा अभिप्राय त्याच पायऱ्या चढून पुन्हा दिल्लीस जातो. यास महिने लागतात, आणि त्यात कोणाचा दोष असतोच असे नाही. मात्र भुसावळच्या अधिकाऱ्यास अभिप्राय लिहिताना आधार लागतो. ‘जनतेची फार गैरसोय होत आहे’ या वाक्यावरून त्याला काहीच लिहिता येत नाही. गावातून रोज किती विद्यार्थी जात होते, आज त्यांना बसने वा जीपने किती भाडे पडते, सकाळची पहिली बस किती वाजता येते, ही माहिती शाळेच्या हजेरीपटावरून व बसस्थानकावरील वेळापत्रकावरून एका दिवसात मिळू शकते. हे काम शिक्षकांनी इयत्ता नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्यास नागरिकशास्त्राचा तो पाठ विसरला जाणार नाही.

पत्राखेरीज सभागृहातील आयुधेही आहेत. लोकसभेत तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात व त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस अगोदर द्यावी लागत असल्याने अधिवेशन सुरू झाल्यावर धावाधाव करून उपयोग नसतो. निवेदन अधिवेशनापूर्वीच प्रतिनिधींच्या हाती असले पाहिजे. मंत्र्यांनी उत्तरात आश्वासन दिले, तर ते साधारणतः तीन महिन्यांत पूर्ण व्हावे अशी अपेक्षा असते आणि शासकीय आश्वासन समिती त्यावर लक्ष ठेवते. नागरिकांना लोकसभेकडे थेट याचिकाही करता येते. ती सदस्याने सादर केल्यास तीवर त्याची प्रतिस्वाक्षरी लागते. याचिका मराठीत असल्यास हिंदी वा इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. सही न येणाऱ्याचा अंगठा चालतो, मात्र नाव व पत्ता पूर्ण हवा.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करावासा वाटतो. प्रतिनिधी म्हणजे निधी, असे समीकरण गावोगाव रूढ झाले आहे. खासदारांचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी रुपयांचा आणि तो संपूर्ण मतदारसंघासाठी असतो. त्यातून लोहमार्ग होत नाही. सभागृहात विचारलेल्या एका नेमक्या प्रश्नाचे मोल या निधीहून अधिक ठरू शकते, आणि त्याला खर्च काहीच येत नाही. तसेच निवेदन देतानाचे छायाचित्र वर्तमानपत्रात आले म्हणजे काम झाले असेही नाही. कार्यालयातील आवक क्रमांक व दिनांक असलेली पोच ग्रामपंचायतीच्या दप्तरी असावी, कारण पुढील स्मरणपत्रात छायाचित्राचा नव्हे, त्या क्रमांकाचा हवाला द्यावा लागतो.

प्रकल्पास मंजुरी मिळाल्याने विषय संपला असे समजणे घाईचे होईल. जुन्या मार्गावर जेथे बैलगाडी सहज रूळ ओलांडीत असे, तेथे ब्रॉडगेजवर फाटक, भुयारी मार्ग वा पूल लागतो. भुयारी मार्ग चुकीच्या जागी झाला, तर पावसाळ्यात त्यात पाणी साचून शेताकडे जाणारी वाट बंद होते. जुन्या थांब्यांपैकी कोणते राहणार, भूसंपादनाचा मोबदला केव्हा व कसा मिळणार, हे प्रश्नही आहेत. यांपैकी थांबा व भुयारी मार्ग यांसाठी खासदार, तर भूसंपादनाच्या कामात महसूल यंत्रणेशी संबंध येत असल्याने त्यासाठी आमदार व जिल्हाधिकारी यांच्याकडे जावे लागेल. आराखडा अंतिम होण्यापूर्वी प्रत्येक गावाने आपल्या शिवारातील रूळ ओलांडण्याच्या जागा गाव नकाशावर गट क्रमांकांसह दाखवून तो नकाशा ठरावासोबत जोडावा. बांधकाम सुरू झाल्यानंतर भुयारी मार्गाची जागा बदलून घेणे फार कठीण असते.