गाण्याचे मोल

शेतात धान्य पिकते, त्याचे मोल शेतकऱ्यास मिळावे हे आपण जाणतो. सुतार पाट घडवितो, त्याचे दाम त्याच्या हाती पडतात. परंतु गाणे काही मुठीत धरता येत नाही. ते कंठातून निघते आणि वाऱ्यावर विरून जाते. मग गाणे रचणाऱ्याने आपल्या श्रमाचे मोल कोणाकडे मागावे?

१८४७ सालची गोष्ट. पॅरिस शहरातील एका उपाहारगृहात खानपानाबरोबर गाण्याबजावण्याचा कार्यक्रमही होत असे. एर्नेस्त बुर्जे नावाचे गीतकार आपल्या दोन संगीतकार मित्रांसह तेथे जाऊन बसले. त्यांनी साखरपाणी मागविले. त्या वेळी तेथे त्यांच्याच रचना सादर होत होत्या. पेयाचे पैसे मागितले गेले, तेव्हा बुर्जे यांनी ते देण्यास साफ नकार दिला. त्यांचे म्हणणे असे, की तुम्ही आमच्या रचनांवर धंदा करता आणि आम्हांस एक कवडीही देत नाही. मग तुमच्या पेयाचे दाम आम्ही का द्यावे? प्रकरण न्यायालयात गेले. न्यायालयाने बुर्जे यांची बाजू उचलून धरली.

परंतु एकटा मनुष्य किती ठिकाणी जाऊन आपला वाटा मागणार? म्हणून १८५१ साली तेथील गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांनी एक संस्था स्थापन केली. जेथे जेथे गाणी वाजत, तेथून ती पैसे गोळा करी आणि ज्याचे त्यास वाटून देई. ही संस्था आजही कार्य करीत आहे.

आपल्या देशात याविषयीचा कायदा १९५७ साली झाला. रचनेवरील कर्त्याच्या या हक्कास 'स्वामित्वहक्क' असे म्हणतात. एकाच गीतात असे अनेक हक्क नांदत असतात. शब्द कवीचे, चाल संगीतकाराची आणि ध्वनिमुद्रण ते करविणाऱ्याचे. १९९४ पासून गायक-वादकांच्या सादरीकरणालाही कायद्याने वेगळा हक्क दिला आहे.

तरीही चित्रपटगीतांच्या कर्त्यांची उपेक्षा झाली. मोबदला देऊन गीत करवून घेणारा निर्माताच सामान्यतः त्याचा पहिला स्वामी ठरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. गीतकार-संगीतकारांच्या हाती एकदा ठरलेली रक्कम पडे. पुढे ते गीत वर्षानुवर्षे घरोघरी वाजत राहिले, तरी त्यांस काही मिळेलच असे नसे. २०१२ साली कायद्यात सुधारणा झाली. कवी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत या प्रश्नाची तळमळीने बाजू मांडली. चित्रपटगृहाबाहेर ते गीत वापरले गेल्यास गीतकार आणि संगीतकार यांना उत्पन्नाचा समान वाटा मिळावा, आणि तो हक्क त्यांच्याकडून निर्मात्याने लिहून घेऊ नये, असे त्यात ठरले.

मुलांनो, हा कायदा गाण्याला कुलूप घालीत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात शिक्षक, विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर तुम्ही खुशाल गावे. कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी शब्दांवरील आणि चालीवरील हक्क संपतो व रचना सर्वांची होते. तुकोबांचे अभंग म्हणूनच सर्वांचे आहेत. मात्र आजच्या संगीतकाराने एखाद्या अभंगास लावलेली नवी चाल त्याची असते.

टाळ्यांनी कलावंताचे मन भरते, परंतु त्याची चूल पेटत नाही. ज्याने आपणांस आनंद दिला, त्याच्या म्हातारपणी त्याला हात पसरावा लागू नये, एवढीच या कायद्यामागील भावना आहे. गाणे ऐकताना त्याच्या कर्त्याचे नावही आवर्जून विचारावे. हक्क ओळखण्याची ती पहिली पायरी होय.

स्वाध्याय

१. बुर्जे यांनी पेयाचे पैसे देण्यास नकार का दिला?
२. एका गीतात कोणकोणाचे हक्क असतात?
३. 'टाळ्यांनी चूल पेटत नाही' या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.