विद्यार्थी मंडळांची समाजमाध्यमे आणि शाळेची जबाबदारी

वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, निसर्ग मंडळ ही आपल्या शालेय जीवनातील जुनी अंगे होत. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २००१ मध्ये राष्ट्रीय हरित सेनेची योजना सुरू केल्यानंतर देशभरातील शाळांत पर्यावरण मंडळे स्थापन झाली. केरळने २०१८ पासून माध्यमिक शाळांत ‘लिटल काइट्स’ या नावाने माहिती तंत्रज्ञानाची विद्यार्थी मंडळे उभारली व त्यांची सदस्यसंख्या एक लाखाच्या पुढे गेली. पूर्वी अशा मंडळांचे लेखन भित्तिपत्रकावर अथवा वार्षिक हस्तलिखितात प्रसिद्ध होत असे. शिक्षक ते आधी वाचीत, ऱ्हस्वदीर्घ सुधारीत, एखादा बोचरा मजकूर गाळीत आणि पंधरवड्याने भित्तिपत्रक उतरवून नवे लावले जाई. वाचकही शाळेच्या फाटकाच्या आतलेच असत.

आज त्याच मंडळांची इन्स्टाग्राम, फेसबुक व यूट्यूब यांवर खाती आहेत. तेथे मजकूर क्षणात प्रसिद्ध होतो, तो आपोआप उतरत नाही आणि वाचणारा कोण आहे हे शाळेला ठाऊक नसते. या खात्यांवर शाळेची देखरेख असावी याविषयी फारसा मतभेद नाही. मतभेद आहे तो देखरेख कशावर असावी याविषयी. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, शाळेने खात्याची जबाबदारी पूर्णपणे स्वीकारावी आणि मुलांच्या वैयक्तिक अभिव्यक्तीवर पाळत ठेवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी नेमके उलटे घडताना दिसते. खाते कोणी उघडले याची नोंद नसते. मात्र एखाद्या विद्यार्थ्याने स्वतःच्या खात्यावर काय लिहिले यावरून पालकांना बोलावणे धाडले जाते.

खाते कोणाचे?

बहुतेक मंडळांची खाती एखाद्या उत्साही विद्यार्थ्याच्या भ्रमणध्वनी क्रमांकावर उघडलेली असतात. दहावीनंतर तो शाळा सोडतो आणि पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. शाळेचे नाव व बोधचिन्ह मात्र खात्यावर तसेच राहते. पुढे त्या खात्यावर काहीही प्रसिद्ध झाले तरी लोक ते शाळेचेच समजतात.

कायद्याच्या दृष्टीनेही ही व्यवस्था लटकी आहे. समाजमाध्यमाचे खाते उघडणे म्हणजे त्या कंपनीच्या अटी मान्य करणे, अर्थात एक करारच होय. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ११ नुसार अज्ञान व्यक्ती करार करण्यास सक्षम नाही आणि अशा व्यक्तीचा करार मुळातच निरर्थक ठरतो, हे प्रिव्ही कौन्सिलने ‘मोहरी बीबी’ खटल्यात १९०३ मध्ये स्पष्ट केले. समाजमाध्यमांच्या कंपन्या तेरा वर्षांच्या मुलाला खाते उघडू देतात ही त्यांची व्यापारी सोय आहे. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२५ पासून प्रमुख समाजमाध्यमांवर सोळा वर्षांखालील मुलांना खाते ठेवण्यास मनाई केली. तेव्हा मंडळाचे खाते शाळेच्या अधिकृत ई-मेल पत्त्यावर, शाळेच्या नावे आणि एका प्रौढ व्यक्तीच्या उत्तरदायित्वाखाली उघडले जाणे ही पहिली अट ठरते. ती पाळली गेली नसेल, तर पुढील सर्व नियमावली कागदावरच राहते.

छायाचित्र हीदेखील व्यक्तिगत माहिती

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे. म्हणजे बारावीपर्यंतची जवळजवळ सारी शाळा या व्याख्येत येते. कलम ९ नुसार बालकाची व्यक्तिगत माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेणे आवश्यक आहे. तसेच बालकांचा मागोवा घेणे, त्यांच्या वर्तनाचे निरीक्षण करणे आणि त्यांना उद्देशून लक्ष्यित जाहिराती करणे निषिद्ध आहे. या कर्तव्यांच्या भंगासाठी २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या कायद्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले व संमतीसह मुख्य तरतुदींच्या अंमलबजावणीसाठी त्यांनी १८ महिन्यांचा अवधी दिला.

नियमांनी शैक्षणिक संस्थांना काही सूट दिली आहे. परंतु ती संस्थेच्या शैक्षणिक कार्यापुरती अथवा तेथील मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या निरीक्षणापुरती आहे. विज्ञान प्रदर्शनात पारितोषिक मिळविणाऱ्या मुलीचे नाव, इयत्ता आणि चेहरा जाहीर खात्यावर झळकविणे या सुटीत बसेल असे मानणे धाडसाचे होईल. प्रवेश अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले सरसकट संमतीचे वाक्य यासाठी पुरेसे नाही. संमती प्रसंगानुसार, पालकांना समजेल अशा भाषेत आणि नकार देण्याची खरी मुभा ठेवून घ्यावी लागेल. नकार देणाऱ्या पालकांच्या मुलाला समूह छायाचित्रातून बाजूला उभे करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. प्रयोगाचे, रोपवाटिकेचे, हाताने काढलेल्या तक्त्याचे छायाचित्र अनेकदा चेहऱ्यांच्या रांगेपेक्षा अधिक सांगून जाते, हा अनुभव मंडळांना मिळू द्यावा.

काही बाबतींत तर संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या बालकाची ओळख माध्यमांतून उघड करण्यास पॉक्सो अधिनियम, २०१२ चे कलम २३ प्रतिबंध करते. विधिसंघर्षग्रस्त आणि काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांसंबंधी असाच प्रतिबंध बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ मध्ये आहे. सहानुभूतीपोटी लिहिलेल्या चार ओळींतूनही ही ओळख फुटू शकते. मार्गदर्शक शिक्षकाने मुलांना हे आधीच समजावून सांगितले पाहिजे.

देखरेख आणि पाळत यांतील अंतर

शाळेच्या नावाने जे प्रसिद्ध होते ते आधी वाचण्याचा अधिकार शाळेला आहे. भित्तिपत्रकाच्या काळात तो होता, आजही आहे. मात्र हा अधिकार वापरताना आक्षेपाचे कारण सांगितले गेले पाहिजे. मजकुरात कोणाची बदनामी आहे, कोणाची ओळख उघड होते, तथ्य चुकीचे आहे, ही कारणे होत. उपाहारगृहाच्या दर्जावर अथवा स्वच्छतागृहाच्या दुरवस्थेवर टीका आहे, हे कारण होऊ शकत नाही. पर्यावरण मंडळाने परिसरातील ओढ्याच्या प्रदूषणावर लिहिले आणि त्यामुळे एखादा देणगीदार नाराज झाला, तर मुख्याध्यापकांची अडचण समजण्याजोगी आहे; तथापि त्या अडचणीला ‘शिस्त’ हे नाव देता येणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा १९८६ चा ‘बिजो इमॅन्युएल’ निकाल येथे आठवावा. राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहणारी, परंतु धार्मिक श्रद्धेमुळे ते न गाणारी केरळमधील तीन भावंडे शाळेतून काढली गेली होती. न्यायालयाने त्यांना पुन्हा प्रवेश देण्याचा आदेश दिला आणि ज्यांना कायद्याचा आधार नाही अशा खात्याच्या परिपत्रकांनी मूलभूत हक्क संकुचित करता येत नाही, असे स्पष्ट केले. २०१७ च्या ‘पुट्टस्वामी’ निकालात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणाचा हक्क मूलभूत ठरविला. खाजगी विनाअनुदानित शाळांना ही बंधने थेट कितपत लागू होतात हा स्वतंत्र वादाचा मुद्दा आहे. शासकीय शाळांनी मात्र परिपत्रक काढण्यापूर्वी या दोन निकालांचा विचार केलेला बरा.

विद्यार्थ्याच्या वैयक्तिक खात्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात एका विद्यार्थिनीने सुट्टीच्या दिवशी, शाळेबाहेर, स्वतःच्या खात्यावर संतापाने अपशब्द लिहिले म्हणून शाळेने तिला वर्षभरासाठी पथकातून वगळले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विद्यार्थिनीच्या बाजूने निकाल दिला. त्याच वेळी, गंभीर छळ किंवा धमकी असल्यास शाळेबाहेरच्या लेखनातही शाळा हस्तक्षेप करू शकते, हेही मान्य केले. बालहक्कविषयक करारात भारत डिसेंबर १९९२ मध्ये सहभागी झाला. त्या कराराच्या संयुक्त राष्ट्र समितीने डिजिटल पर्यावरणासंबंधी २०२१ मध्ये काढलेल्या २५ व्या सर्वसाधारण टिप्पणीत मुलांवरील डिजिटल पाळत नित्याची, सरसकट आणि त्यांच्या नकळत नसावी, असे म्हटले आहे. मंडळाचा सदस्य होण्यासाठी स्वतःच्या खात्याचा पासवर्ड मागणे किंवा शिक्षकांनी बनावट नावाने मुलांच्या गटात शिरणे हे प्रकार या कसोटीवर उतरत नाहीत. शिवाय पाळत आहे असे कळताच मुले दुसरे, गुप्त खाते उघडतात आणि मग खरोखर संकट आले तरी शिक्षकांना सांगत नाहीत.

मुलींची बाजू

प्रथम संस्थेच्या ‘असर २०२४’ पाहणीने ग्रामीण भागातील १४ ते १६ वयोगटाची माहिती घेतली. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी ७६ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात समाजमाध्यमांचा वापर केला होता. परंतु त्रासदायक खाते रोखणे किंवा त्याची तक्रार करणे ६२ टक्क्यांनाच माहीत होते आणि आपले खाते खाजगी कसे करावे हे केवळ ५५.२ टक्के जाणत होती. त्याआधीच्या ‘असर २०२३’ मध्ये १४ ते १८ वयोगटात, फोन वापरता येणाऱ्यांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा स्मार्टफोन होता, तर मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के होते.

या आकड्यांचा मंडळांशी थेट संबंध आहे. ज्याच्या हाती फोन त्याच्या हाती खाते, या न्यायाने समाजमाध्यमांचे काम मुलांकडे जाते आणि मुली तक्ते रंगविण्यापुरत्या उरतात. उलट, अश्लील टिप्पण्या व छायाचित्रांचा गैरवापर यांची झळ मात्र मुलींनाच अधिक बसते. असा प्रकार घडल्यावर घाबरलेली शाळा मुलींची नावे आणि कामगिरी खात्यावरून वगळते. हा सर्वांत सोपा व सर्वांत अन्यायकारक तोडगा आहे. शाळेच्या संगणक कक्षातूनच खाते चालविण्याचा नियम केला, तर निदान फोनच्या मालकीवर ठरणारी ही विषमता दूर होते.

व्यवहारातील मांडणी

लिटल काइट्सच्या प्रत्येक घटकाला दोन शिक्षक मार्गदर्शक असतात. ही पद्धत समाजमाध्यमांच्या खात्यासाठीही अनुकरणीय आहे. पासवर्ड दोन शिक्षकांकडे, तर मसुदा विद्यार्थी संपादकांकडे असावा. शक्य तेथे या शिक्षकांपैकी एक महिला असावी. मसुदा शाळेच्या दोन कामकाजाच्या दिवसांत वाचून परत करण्याचे बंधन शिक्षकांवरही हवे, अन्यथा वृक्षदिंडीचा वृत्तांत दिवाळीत प्रसिद्ध होतो आणि मुलांचा उत्साह मावळतो. अनोळखी व्यक्तींचे थेट संदेश बंद ठेवावेत. टिप्पण्या एक तर बंद असाव्यात किंवा तपासूनच प्रकट व्हाव्यात. शैक्षणिक वर्ष बदलताना पासवर्ड बदलून खात्याची लेखी सूपूर्दनोंद करावी. शाळा आपल्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत खुर्च्या मोजते, तिथेच खात्यांची यादीही असू शकते. मंडळ बंद पडल्यास खातेही रीतसर बंद करावे.

गैरप्रकार घडल्यास काय करावे हे आधीच ठरलेले असावे. आक्षेपार्ह छायाचित्र ‘पुरावा’ म्हणून शिक्षकांच्या गटात पाठविणे हा स्वतःच अपराध ठरू शकतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६७ब त्यासाठीच आहे. बालकावरील लैंगिक अपराधाची माहिती मिळाल्यास पॉक्सोच्या कलम १९ नुसार ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. शाळेची अब्रू हा तेथे विचारात घेण्याचा मुद्दा नाही. बालकांसाठी १०९८ आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हे मदत क्रमांक मंडळाच्या फलकावर लिहिलेले असावेत.

प्रत्येक मंडळाने व्यापारी समाजमाध्यमावर असलेच पाहिजे असेही नाही. केरळच्या शिक्षण खात्याने ‘स्कूलविकी’ हे शाळांचे सामायिक संकेतस्थळ चालविले आहे. २०२० च्या टाळेबंदीत ‘अक्षरवृक्षम’ उपक्रमातून विद्यार्थ्यांचे लेखन त्यावर प्रसिद्ध झाले. तेथे जाहिराती नाहीत व अनोळखी संदेशही नाहीत. इतर राज्यांना, आणि विशेषतः दोन शिक्षकी शाळांना, हा मार्ग अधिक परवडणारा आहे. एवढ्या लहान शाळेकडून खात्याची रोजची देखरेख अपेक्षिणे अव्यवहार्य होय. समूह साधन केंद्राच्या पातळीवर आठ-दहा शाळांच्या मंडळांचे एकच खाते ठेवून, त्याच्या देखरेखीचे तास संबंधित शिक्षकाच्या कार्यभारात मोजले जावेत. सध्या हे काम शाळा सुटल्यानंतर शिक्षकाच्या स्वतःच्या फोनवर आणि स्वतःच्या खर्चाने चालते.