पाठीची राखण

हे बघ बाय, कोंबडीची पाठ उघडी पडली म्हणून लगेच हळद-तेल चोळत बसू नकोस. आधी तिला हातात घे. तेही दिवसा नको, दिवसा धरायला गेलीस तर अख्ख्या परसात धुमाकूळ होईल. दिवेलागणीनंतर त्या खुराड्यात बसल्या की गपचूप उचल, मांडीवर घे आणि बॅटरीच्या उजेडात पिसं उलटी करून बघ.

पिसं कुठली गेलीत त्यावरून चोर सापडतो. कोंबड्याचं काम असेल तर मानेमागची, खांद्यावरची आणि शेपटीच्या वर कमरेवरची जातात. तो चोचीने मानेची पिसं धरतो आणि पायांनी पाठीवर तोल सावरतो, त्यात पिसं मोडतात आणि नुसते दांडे उभे राहतात. ढुंगणाभोवती उघडं पडलं असेल, कातडी लाल असेल, तर पिसांच्या बुडाशी नीट बघ. पांढुरके झुपके चिकटलेले दिसले तर त्या उवांच्या लिखा, तिथे कोंबड्याला दोष देऊ नकोस. आणि पावसाळा सरून दिवस लहान व्हायला लागले की वर्ष उलटलेली कोंबडी आपणहूनच पिसं टाकते. ते डोक्यामानेपासून सुरू होतं, अंडी थांबतात, खाली नव्या पिसांचे कोंब दिसतात. तिला औषध लागत नाही, खाणं लागतं.

पण तुझ्या त्या पिवळीची पाठ मी पाहिली. ते कोंबड्याचंच काम आहे.

एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या असल्या तर त्याचा भार वाटला जातो. तीन-चार कोंबड्यांत एक तरणा तलंगा सोडलास की तो दिवसभर त्यांच्याच मागे. त्यातही त्याची एखादी लाडकी असते. जी पळत नाही, पंख जरा पसरून पटकन खाली बसते, तिच्यावरच तो पुन्हा पुन्हा चढतो. म्हणजे सगळ्यात गरीब कोंबडीच्या पाठीची चाळण होते आणि पळपुट्या मजेत फिरतात. दोन कोंबडे असले तर आणखी वाईट, एक उतरला की दुसरा ईर्ष्येने चढतो. आपल्या कोकणात हे हमखास होतं. एक पिल्लांसाठी ठेवलेला असतो, दुसरा देवाच्या राखणेला बोललेला, म्हणून त्याला सुरी लावता येत नाही. बोललेल्या कोंबड्याला वेगळं डालगं दे. देव काही म्हणत नाही, कोंबड्यांबरोबरच ठेवा म्हणून.

आकारही बघ. गावठी कोंबडी किलो-दीड किलोची. तिच्यात गिरिराजाचा कोंबडा सोडायचा म्हणजे तीन किलोंच्या वरचा ऐवज तिच्या पाठीवर. पिल्लं मोठी होतील म्हणून लोक हे करतात. होत असतील मोठी, पण त्या बिचारीच्या पाठीचं काय? गावठी कोंबडीला गावठी किंवा अंगाने आटोपशीर कोंबडाच लाव.

आणि कोंबडा निवडताना नुसता तुरा आणि रंग बघू नकोस. मूठभर दाणे टाक आणि लांब उभी राहा. जो आधी कोंबड्यांना आवाज देऊन बोलावतो, दाणा चोचीत उचलून पुन्हा खाली टाकून दाखवतो, एक पंख जमिनीला लावून तिच्याभोवती फिरतो आणि मग चढतो, तो ठेवायचा. जो सरळ धावत जाऊन मानगूट धरतो, तो आखाडात हंडीत गेलेला बरा. तलंगे पहिले काही महिने अडाणीच असतात, त्यातले काही वर्षभरात शहाणे होतात, सगळे नाही. मी तरी वाट बघत बसत नाही.

ठेवलाच, तर त्याला चोवीस तास मोकळा सोडायची काय गरज? अंड्यासाठी कोंबडा लागतच नाही. तो फक्त पिल्लांसाठी. आणि एकदा लागला की पुढचे आठ-दहा दिवस तरी कोंबडीच्या अंड्यांत पिल्लू धरू शकतं. त्यामुळे दिवसभर त्याला सावलीत डालग्याखाली झाक, पाणी-दाणा आत ठेव, आणि पिल्लं काढायची असतील तेव्हा संध्याकाळी तास-दोन तास सोड. अंडी घालून झालेली असतात, कोंबड्याचीही तीच वेळ असते, काम होतं. बाकीच्या वेळी परसात आडोसे हवेत: काटक्यांचा भारा, उलटी टोपली, दोन हात उंचीवर आडवा बांबू. मोकळ्या अंगणात कोंबडीला पळायला जागा असते, लपायला नसते.

आता पिवळीची पाठ. तिला झूल शिव. हो, पोळ्याला बैलावर घालतात तशीच, फक्त वीतभर. जुन्या जीनचं जाड कापड घे, पातळ सुती नको, ते नख्यांनी फाटतं. मानेच्या बुडापासून शेपटीच्या मुळापर्यंत पोचेल एवढं काप, शेपटी झाकू नकोस. दोन बाजूंना इलॅस्टिकचे फास लाव, प्रत्येकातून एक पंख बाहेर काढायचा. फासाखाली बोट सहज गेलं पाहिजे, घट्ट झालं की पंखाच्या मुळाशी जखम होते. दोन-चार दिवसांनी रात्री उचलून झुलीखाली बघायचं, कारण उवांना तेवढीच ऊब पुरते. पावसात भिजली तर काढून वाळव, वैशाखात उन्हाच्या वेळी घालूच नकोस. पहिला दिवस ती मागे मागे चालेल, अडखळेल. हसू नकोस, संध्याकाळपर्यंत विसरते.

मोडक्या पिसांचे दांडे उपटायचा मोह होतो. उपटू नकोस. दांडा आत असेपर्यंत नवं पीस येत नाही हे खरं, पण तो पुढच्या पिसं टाकण्याच्या वेळी आपणहून गळतो, उगाच कातडी सोलवटू नये. निळसर नवे कोंब फुटलेले असले तर त्यांना बोटही लावू नको, आत रक्त असतं.

कोंबड्याच्या पायामागची नखी बघितलीस? त्याला टॉवेलात गुंडाळ, कुणाला तरी धरायला सांग आणि कानशीने फक्त टोक बोथट कर. मुळाकडे जाऊ नकोस, आत हाड आणि रक्त असतं. पुढची नखंही थोडी घास. गरम बटाटा खोचून नखी काढायचा एक प्रकार लोक सांगतात, त्याच्या वाटेला जाऊ नकोस.

रक्त निघालं असेल तर मात्र त्या कोंबडीला त्याच क्षणी वेगळी कर. लाल दिसलं की बाकीच्या चोची मारतात, आणि एकदा चव लागली की कोंबडा राहिला बाजूला, बायकाच बायकांना सोलतात. मिठाच्या कोमट पाण्याने धू, कडुनिंबाचं तेल लाव, त्याने माश्याही दूर राहतात. अळ्या पडल्या तर मग घरचं पुरे, जनावरांच्या डॉक्टरांना दाखव.

खाण्याचं सांगते. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच, नुसत्या तांदळाच्या कण्यांवर ते येणार कसं? सुकट कुटून घाल, शेंगदाण्याची पेंड घाल, पण बुरशीचा वास येणारी नको, ती विषारी. सोयाबीन असेल तर भाजून, कच्चं पचत नाही. मडक्यात ओलं शेण-गवत भरून वाळवीच्या जागी पालथं घाल, सकाळी वाळवी लागलेली असते, कोंबड्या तुटून पडतात. आणि चुलीतली कोरडी राख मातीत मिसळून एका कोपऱ्यात टाक. त्यात लोळल्या की उवा कमी होतात.

नवा कोंबडा आणलास तर पहिले तीन आठवडे अंडी खुडकीखाली घालू नको. जुन्याचं बीज तोवर आत टिकतं, मग पिल्लू कुणाचं ते कळत नाही. तेवढे दिवस अंडी खा, उरली तर शेजारी दे.