एकाच गोठ्यात फॅट वेगळे का?

प्रश्न : माझ्या दोन्ही म्हशी मुऱ्हा, वैरण-पेंड एकच. तरी डेअरीत एकीला फॅट ७ लागते, दुसरीला ६. असे का?
– एक वाचक, रेवदंडा (जि. रायगड)

उत्तर : आधी दोघी वेताच्या एकाच टप्प्यात आहेत का ते पाहा, दूध भरात असते तेव्हा फॅट उतरते. शेवटच्या धारांत सर्वाधिक फॅट असते, त्या पारडू पीत असेल तर नमुना पातळच निघणार.

तरीही फरक उरला तर तो आनुवंशिक. फॅट घडवणाऱ्या ‘डीजीएटी१’ जनुकाचे गाईंत दोन प्रमुख प्रकार आढळतात. म्हशींत बहुतेक जास्त फॅटचाच. त्यामुळे म्हशी-म्हशींतला फरक इतर अनेक जनुकांच्या लहान लहान वाट्यांतून येतो. रेतनाच्या वेळी रेड्याच्या आईचे फक्त लिटर नव्हे, फॅटही विचाराच.